कलम सतरा आणि सुकन्याची दिवाळी

पत्त्यांत लबाडी कशी करतात आणि ती कशी रोखावी, यावर मी गेल्या वर्षी तीन वह्या भरून टिपणं काढली. त्यातून एवढंच निष्पन्न झालं की लबाडी करायला जे अंगात असावं लागतं ते माझ्यात नाही, आणि ती रोखायला जे लागतं तेही नाही. दरम्यान एक सोलापुरी चादर कामी आली, पोलीस चौकीत माझ्याविषयी भलताच गैरसमज झाला, आणि चार सभ्य म्हातारे भर दुपारी आपापले गुन्हे ओरडून सांगू लागले. या सगळ्याला मी जबाबदार आहे असं आमच्या सिंधुचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे. मला ते अजून नीट खोडून काढता आलेलं नाही.

नांदेडला आमच्या शेजारी भुजंगराव राहतात. जिल्हा परिषदेत ओव्हरसियर होते. त्यांच्या ओसरीवर रोज दुपारी चार ते सहा आमचा मेंढीकोट चालतो. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. पत्त्यांत चार दश्शा. ज्या जोडीनं जास्त दश्शा पकडल्या तिचा डाव. बाकी सगळं भांडण. मी भुजंगरावांचा भिडू. आमच्या विरुद्ध किशनराव, म्हणजे हदगावची शेती मुलावर सोपवून शहरात आलेले गृहस्थ, आणि किनवटच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या बुद्धप्रिया सिस्टर. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. तिथं बोलायला मनाई असे, आणि तो नियम एकट्या माझ्याच अंगवळणी पडला. त्यामुळे मला सगळे 'सर' म्हणतात आणि काही विचारत नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र भुजंगरावांनी पत्ते पिसता पिसता विचारलं, "सर, तुम्ही एवढी पुस्तकं वाचली. पत्त्यातली बेइमानी बंद करायचं एखादं पुस्तक हाय का?"

प्रकरण असं होतं. भुजंगरावांची मुलगी सुकन्या लातूरला दिली आहे. लग्नानंतरचा दिवाळसण रीतसर माहेरी झाला. पुढच्या वर्षापासून तिनं दिवाळी कुठं करायची, यावर दोन्ही व्याह्यांत इतका आग्रह होऊ लागला की शेवटी दोघांनी मेंढीकोटवर सोडून दिलं. तीन डाव, ज्याचे दोन, त्याच्या घरी सुकन्याची दिवाळी. एका वर्षी सामना नांदेडला, एका वर्षी लातूरला. नांदेड आणि लातूर यांच्यात कोणतंही कार्यालय कुठं असावं यावर एकमत झालेलं माझ्या माहितीत नाही, त्या मानानं हा तोडगा पुष्कळच समजूतदार म्हणायचा.

"पण मेव्हण्याला भिडू घेऊन सलग दोन वर्षं हारलो. यंदा तुम्हीच बसायचं," भुजंगराव म्हणाले. "आप्पासाहेब माझे इवाई. त्यांचा भिडू कोण, तर त्यांचे बंधू निवृत्ती, जळकोटचे. हा माणूस कान खाजवतो सर. उजवा खाजवला की बदामाची दश्शी, डावा खाजवला की इस्पिकची. डोळ्यानं बघितलंय मी."

"मग बोलायचं ना," बुद्धप्रियाताई म्हणाल्या.

"ताई, मी पोरीचा बाप! इवायाला 'तुमचे बंधू कान का खाजवतात' असं विचारता येतंय का? मी काय केलं, कानात घालायचं तेल धाडलं जळकोटला. त्यांनी ठेवून घेतलं. आन् खाजवून राहिले तसेच." ते थांबले. पत्ते पिसायचेही थांबले. "दोन वर्षं झाली पोरगी दिवाळीला आली न्हाई. तिची आई फराळाला बसली की एक ताट जास्तीचं मांडती अन् मग उचलून ठेवती."

ते ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "लेखी नियम करता येतील. सगळ्यांना सारखे. म्हणजे कुणाचं नाव घ्यावं लागणार नाही."

आयुष्यात मी आपण होऊन फार थोड्या वेळा बोललो आहे. दर वेळी पश्चात्ताप झालेला आहे.

मी कामाला लागलो. ग्रंथालयात लबाडीवर पुस्तकं कमी आणि सदाचारावर फार. पण जे मिळालं ते वाचलं: पत्त्याच्या कोपऱ्याला नखानं खूण करणं, काटताना वरचं पान खाली राखणं, शेजाऱ्याच्या चष्म्यात त्याची पानं बघणं. हे सगळं वाचून मला रात्री स्वतःचाच संशय येऊ लागला. शेजाऱ्यांच्या सूचनाही येत होत्या. किशनराव म्हणाले, सगळ्यांच्या हातात मोजे घाला. मग पानं धरता येईनात. बुद्धप्रियाताई म्हणाल्या, मास्क लावा. तोंड दिसलं नाही की इशारा दिसत नाही. मग श्वास लागू लागला. खोकल्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड. खोकून इशारा देता येतो हे उघड आहे, पण आमच्या वयात न खोकता दोन तास बसणं हाच मुळात संशयास्पद प्रकार. शेवटी मी कलम नऊ लिहिलं: ज्यास खोकला आहे त्याने तो खेळापूर्वी खोकून दाखवावा व त्याचा प्रकार पंचांनी नोंदवून घ्यावा. पंच बुद्धप्रियाताई. त्यांनी स्टेथोस्कोप धुंडाळून काढला.

मुख्य उपाय भिडूंनी एकमेकांना बघूच नये हा होता. म्हणून दोन भिडूंच्या मधे दोरीवर चादर टांगायची, आणि टाकलेली पानं दोघांनाही दिसावीत म्हणून तिला खाली मधोमध एक भोक. भुजंगरावांच्या घरच्या चादरी लहान निघाल्या. आमच्या घरी सोलापुरी चादर होती. सिंधु तेव्हा भाजी आणायला गेली होती. कलम दोनमधे मी 'भोकाचा व्यास एक वीत' असं लिहिलं आणि कात्री पुन्हा जागच्या जागी ठेवली.

कलम सतरावर भुजंगराव अडून बसले. मी लिहिलं होतं, इशारा करणारी जोडी बाद.

"बाद न्हाई सर! इवाई बाद झाले तर पोरीला तिकडं नांदायचंय का न्हाई? शिक्षाच नको. डाव रद्द करा, पुन्हा वाटा. एवढंच."

मला ते पटलं. शिवाय ग्रंथालयातली माझी एक पद्धत होती. पुस्तकाचं पान फाडलं असं एखाद्यानं आपण होऊन कबूल केलं, तर मी त्याला काही म्हणत नसे. म्हणून मी कलम असं पूर्ण केलं: इशारा पंचांस दिसल्यास, अथवा करणाऱ्याने स्वतः कबूल केल्यास, तो डाव रद्द समजून पुन्हा पाने वाटावीत. 'अथवा' हा शब्द लिहिताना मला समाधान वाटल्याचं आठवतं.

एकूण कलमं एकेचाळीस. रजिस्टर पोस्टानं लातूरला गेली. आप्पासाहेबांचा फोन आला, "वाचली. छान अक्षर आहे."

आता जागा. ओसरीवर दोरी बांधायला समोरासमोर खांब नव्हते, म्हणून कॉलनीचं सभागृह मागावं असं ठरलं. त्यासाठी अर्ज. अर्ज घेणाऱ्या बाबूंनी 'पत्ते' हा शब्द वाचला आणि कागद बोटाच्या टोकानं माझ्याकडे सरकवला. पोलिसांची हरकत नसल्याचं पत्र आणा. मी आयुष्यात पहिल्यांदा चौकीत गेलो. हवालदार बरे होते. त्यांनी बसायला सांगितलं.

"पैसे लावून खेळता का बाबा?"

"छे छे. एक रुपया नाही."

"मग काय लावता?"

मी खोटं बोलत नाही, आणि घाबरलो की फारच थोडक्यात बोलतो. "भुजंगरावांची मुलगी," मी म्हणालो.

हवालदार उभे राहिले.

पुढचा अर्धा तास मी दिवाळसण, व्याही, ताट वगैरे सगळं समजावून सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई लिहायचं थांबवून ऐकत होत्या. शेवटी हवालदारांनी घाम पुसला आणि म्हणाले, "बाबा, पत्र काही मिळायचं न्हाई. घरात खेळा. आन् दुसऱ्या कुणापुढं हे असं सांगू नका." बाहेर पडताना त्या बाईंची हाक ऐकू आली, "पोरीला कुणी विचारलंय का पर?" मी परत येऊन भुजंगरावांना तेच विचारलं. ते म्हणाले, "विचारलं की. ती म्हणाली, बाबा, नीट खेळा."

सामना भुजंगरावांच्या बैठकीच्या खोलीत ठरला. दोरी एका बाजूला खिडकीच्या गजाला आणि दुसरीकडे फ्रिजच्या दांड्याला बांधली. फ्रिज उघडला की चादर हलायची, म्हणून दिवसभर फ्रिज उघडायचा नाही असं बेचाळिसावं कलम तोंडी झालं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी अकरा वाजता लातूरकर आले. आप्पासाहेब उंच, पांढरेशुभ्र, कृषी खात्यातून निवृत्त. मागे निवृत्तीराव, बुटके, हसरे, आणि मी पहिल्यांदा बघितलं ते त्यांच्या कानांकडे. दोन्ही कान चांगलेच लाल होते. आप्पासाहेबांनी चादर बघितली, भोक बघितलं, आणि म्हणाले, "इवाई, हा अंतरपाट कुणासाठी धरला?"

"माझ्यात अन् सरात," भुजंगराव नाइलाजानं म्हणाले.

"मंगलाष्टकं म्हणू का?" निवृत्तीरावांनी विचारलं. "सर लाजून राहिले बघा!"

मी खरोखरच लाजलो होतो, पण त्याचं कारण वेगळं होतं: चादरीचं सिंधुला अजून सांगितलं नव्हतं. मग खोकण्याचा कार्यक्रम झाला. आप्पासाहेबांचा कोरडा, निवृत्तीरावांचा ओला, भुजंगरावांचा सवयीचा. मला ऐन वेळी खोकला आलाच नाही. ताईंनी 'संशयित' असं नोंदवलं.

चादरीला एकच भोक, आणि जोड्या दोन. त्यामुळे एका जोडीच्या मधली चादर दुसऱ्या जोडीच्या मांडीवर येत होती. निवृत्तीराव चादरीच्या एका बाजूला, आप्पासाहेब दुसऱ्या, हे जमलं. मग भुजंगराव आणि मी एकाच बाजूला येऊ लागलो. अखेर चादर तिरकी बांधली. पहिल्या डावात मी जवळजवळ पालथा पडून भोकातून पानं बघत होतो. डाव लातूरकरांचा झाला. दुसऱ्या डावात वाटपच असं आलं की आमच्याकडे तीन एक्के. तो आमचा. एक-एक. चहा आला.

चहाच्या वेळी किशनरावांनी मला बाजूला घेतलं. ते आज नुसते बघायला आले होते.

"सर, एक सांगू? पहिला डाव तुम्ही चादरीपायी हारला."

"मलाही तसंच वाटतं. भोक लहान पडलं."

"भोकाचं न्हाई हो. भुजंगरावला तुम्ही दिसला न्हाईत. तुमच्याकडं दश्शी आली की तुम्ही चष्मा काढून पुसता. सात वर्षं झाली. त्यावर तर तो खेळतो."

माझ्या हातातली बशी कलली. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला, ताईला, सगळ्यास्नी. आमीबी त्यावरच खेळतो की. तुम्हालाच तेवढं ठाऊक न्हाई."

सात वर्षं! एकेचाळीस कलमं लिहिणारा माणूस रोज चार ते सहा भर ओसरीवर लबाडी करत होता. त्याच वेळी दारात सिंधु उभी राहिली. ती चहाबरोबरची भजी घेऊन आली होती. तिची नजर दोरीवर गेली.

"माझी चादर!" ती म्हणाली. मग तिला भोक दिसलं. त्यानंतर जे झालं त्यात चादर खाली आली एवढंच कथेच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे.

तिसरा डाव चादरीविना सुरू झाला. भुजंगराव समोर मला लख्ख दिसत होते. मी पानं उचलली. बदामाची दश्शी. हात आपसूक चष्म्याकडे निघाला. मी तो पकडून मांडीखाली दाबला आणि एका हातानं खेळू लागलो. दोन दश्शा लातूरकरांनी नेल्या, एक आम्ही. माझी दश्शी वाचली तर दोन-दोन, आणि मग जिंकलेल्या हातांच्या मोजणीवर आम्ही पुढं होतो. आप्पासाहेबांनी बदामाचा एक्का टाकला. एक्का गेला की राजा मोठा, आणि राजा भुजंगरावांकडे असणार अशी माझी अटकळ. आता मी नव्वी टाकून दश्शी मागं ठेवायची, आणि ती माझ्याकडे आहे हे भुजंगरावांना कळायला हवं.

भुजंगराव माझ्याकडे बघत होते. पलीकडे स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा वास येत होता. त्यांच्या बायकोनं दिवाळीची तयारी मुलगी येणार हे धरून केली होती. मी मांडीखालचा हात बाहेर काढला. जाणूनबुजून, पूर्ण शुद्धीवर, आयुष्यात पहिल्यांदा, मी चष्मा काढला आणि पुसला.

भुजंगरावांचा चेहरा उजळला असावा. मला दिसला नाही. मला काहीच दिसत नव्हतं. पण आपली पाळी आहे एवढं ठाऊक होतं, म्हणून मी नव्वी काढून टाकली.

"दश्शी!" निवृत्तीराव ओरडले.

चष्मा लावून बघितलं. बदामाची दश्शी एक्क्याखाली पडलेली, आणि नव्वी माझ्या हातात. पडलेलं पान उचलता येत नाही, कलम बारा. लातूरला तीन दश्शा. सुकन्याची दिवाळी लातूरला.

भुजंगरावांनी हातातली पानं हळूच खाली ठेवली. मी उभा राहिलो.

"पंच, मी इशारा केला. चष्मा काढला. मी लबाडी कबूल करतो. कलम सतरा."

मग आप्पासाहेब हसले. "छे हो सर. तुम्ही लबाडी करणं शक्यच न्हाई."

"केली. मुद्दाम केली."

"आम्ही मानत न्हाई. तुमच्यासारखा सज्जन माणूस!"

"लबाड हाय तो!" भुजंगराव ताडकन् उठले. दोन वर्षं व्याह्याला जे म्हणता आलं नव्हतं ते त्यांना आता भिडूला मोकळेपणानं म्हणता येत होतं. "सात वर्षांपासून ओळखतो मी! पक्का बेइमान माणूस हाय!"

"इवाई, तुमचा तरी विश्वास बसतोय का?" आप्पासाहेब म्हणाले. "आन् समजा सर लबाड असतील, तर मग ते 'मी लबाडी केली' म्हणतात ते खरं कशावरून?"

मला स्वतःलाच शंका आली. बुद्धप्रियाताईंनी साक्षीदार मागितला. सिंधु चादर घडी घालत होती.

"हाव, लबाड हायेत," ती म्हणाली. "पुस्तक इकत आणायचं, मेथीच्या जुडीखाली लपवायचं, अन् मेथी निवडताना सापडलं की म्हणायचं, दुकानदारानं चुकून टाकलं. मेथीच्या दुकानदारानं! चव्वेचाळीस वर्षं ऐकून राहिले."

मला वाटत होतं ते तिला पटत असे.

ताईंनी कलम सतरा मोठ्यानं वाचलं. "इथं 'कबूल केल्यास' एवढंच हाय. खरं का खोटं ते सरांनी लिहिलं न्हाई. डाव रद्द. वाटा."

पुन्हा वाटलं. या खेपेला आम्ही जिंकलो. भुजंगराव उठून आत आवाज देणार तोच आप्पासाहेबांनी घसा खाकरला.

"पंच, मी बी इशारा केलाय. दोनदा मिशीवरून हात फिरवला. कबूल करतो."

डाव रद्द. वाटा. पुढचा डाव लातूरचा; भुजंगरावांनी पायाचा अंगठा हलवल्याचं कबूल केलं. त्याच्या पुढचा आमचा. आप्पासाहेबांनी पान काटताना खालचं बघितल्याचं सांगितलं. मग प्रत्येक जण डाव सुरू असतानाच गुन्हे आठवून ठेवू लागला. सव्वादोनपर्यंत आठ डाव रद्द झाले. जेवणाची पानं वाढलेली तशीच होती. ज्यांनी हयातभर कुणापुढं मान खाली घातली नाही अशी माणसं एकमेकांचं बोलणं तोडून, "आधी माझं ऐका, माझी लबाडी मोठी हाय," असं म्हणत होती. आणि माझं कुणीच ऐकत नव्हतं. मी लबाडीत सगळ्यांच्या आधी असूनही.

नववा डाव आम्ही जिंकला. आप्पासाहेबांकडचे गुन्हे संपले होते. त्यांनी भावाकडे बघितलं. निवृत्तीराव लगबगीनं उभे राहिले.

"मी कान खाजवला! उजवा! बदामाची दश्शी! विचारा आप्पाला, आमचं ठरलेलंच हाय, काय आजचं न्हाई, मागच्या साली बी—"

आप्पासाहेबांनी त्यांचं धोतर ओढलं. उशीर झाला होता.

आप्पासाहेबांचा गोरा चेहरा निवृत्तीरावांच्या कानांसारखा झाला. आम्ही सगळे भुजंगरावांकडे बघू लागलो. दोन वर्षं त्यांनी ज्याची वाट बघितली ते समोर येऊन पडलं होतं. ते उचलावं, नाचवावं, गल्लीत ओरडून सांगावं असं ते होतं.

भुजंगरावांनी पानं गोळा केली. गड्डी सारखी केली.

"मला काही ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. "वय झालं. इवाई, जेवायला चला. थंड होऊन राहिलंय."

आप्पासाहेब उठले नाहीत. चटईची सुटलेली काडी आत खोवली. मग म्हणाले, "सुकन्याला बुधवारी आणून सोडतो. मी सोता येतो गाडी घेऊन."

आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"हाव," भुजंगराव म्हणाले. आणि ते खोकले. तो सवयीचा खोकला नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे वळून सामन्याची वही पुढं केली. "सर, निकाल लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय. लिहा, लातूर विजयी."

"पण भुजंगराव, नऊ डाव रद्द झाले. निकाल असा काही—"

"पोरीचा सासरा हाय सर. हारून परत कसा धाडू? लिहा."

आप्पासाहेबांनी मान वर केली नाही. बुद्धप्रियाताई खिडकीबाहेर बघत होत्या. मी पेन घेतलं, तारीख घातली, पंचांचं नाव घातलं आणि खाली सावकाश, ठळक, एकही खाडाखोड न करता लिहिलं: लातूर विजयी.

ताईंनी वाचलं आणि सही केली.